दोन जागी पाहिलेलं

ब्लेड खरंच होतं. कागदी वेष्टनातलं, कोरं, रुचिकाने केलेल्या तक्त्यावर डिंकाने चिकटवलेलं, आणि खाली लाल स्केचपेनने सुबक अक्षरांत – ‘साप चावल्यास येथे चीर द्यावी’. वर बाणसुद्धा! फरहीनने डोळे मिटले. उद्यापासून नववीतली निम्मी पोरं सोयाबीनच्या सोंगणीला, कापायला जाणार, आणि रुचिकाही... तांड्यावरून चालत येणारी, गृहपाठ कधी न चुकवणारी रुचिका.

महिनाभर घसा कोरडा केला होता तिने. नेटवरची माहिती कोणी लिहिली, कधी लिहिली, दुसऱ्या जागी तसंच सापडतं का – पोरांनी ते पाढ्यासारखं म्हणूनही दाखवलं होतं, आणि शेवटी काय, पालथ्या घड्यावर पाणी. आज सकाळी अब्बांनीही मोबाइलवर फिरत आलेला असाच एक व्हिडिओ मोठ्या आवाजात ऐकवला – ‘बेटा, डॉक्टर खुद बोल रहा है’ – आणि जीप चुकेल म्हणून ती त्यांना न टोकताच मंगरूळपीरहून निघाली होती... कुणाकुणाशी डोकं फोडायचं?

“रुचिका, हे कुठून घेतलं?”

“व्हिडिओ होता, मॅडम. पण तुमी सांगतलं तसं म्या दोन जागी पाह्यलं.”

“कोणत्या दोन?”

“तांड्याच्या ग्रुपवर, अन् मामाच्या ग्रुपवर. दोन्हीकडं सेमच होतं.”

हसावं की कपाळ बडवून घ्यावं! एकच व्हिडिओ, दोनदा फिरलेला. आणि पोरगी मात्र गंभीर, नियम पाळल्याच्या समाधानात उभी. फरहीनचा आवाज चढला. चीर द्यायची नाही, आवळून बांधायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही, मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना – कळलं?

“कळलं,” रुचिका म्हणाली. “पण मॅडम, हे बी आमी एकाच जागी ऐकलं ना. तुमच्याजोळ.”

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. फरहीनच्या ओठांवर आलंच होतं – मी सांगते म्हणून! – आणि ते वाक्य तिथेच अडकलं, कारण ते सगळे व्हिडिओवालेही हेच तर म्हणतात... पोरीच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता. तिची आई पहाटे धुऱ्याधुऱ्याने, बांधावरच्या गवतातून शेतात जाते, तिला खरं काय ते हवं होतं, बस्स.

फरहीनने चिडूनच आरोग्य केंद्राचा नंबर लावला आणि फोन रुचिकाच्या हातात दिला. “घे. तूच विचार.”

घंटी वाजत राहिली. इतक्या वर्षांत फरहीनला स्वतःचं म्हणणं तपासून पाहावं असं कधी वाटलं नव्हतं, आणि आता डॉक्टरांनी वेगळंच सांगितलं तर? ही कार्टी आपल्यावर विश्वास ठेवत नाही... याचं वाईट वाटायला हवं होतं. बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याचाच तिला भयंकर राग येत होता.