वरचं किती?

शालूबाई आपल्या जयराजसाठी संयोगिताला बघायला गेल्या, तेव्हा चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यांनी सरळ विचारलं होतं, "पोरी, रेल्वे पोलिसात हायेस. पगार कळला. वरचं किती?"

"वरचं काही नाही. मी घेत नाही," संयोगिता म्हणाली होती.

सगळी पाव्हणेमंडळी मनमोकळी हसली. "पोरगी हुशार हाय. पोटातलं ओठावर येऊ देत न्हाई," असं म्हणत शालूबाईंनी तिथल्या तिथं लग्न पक्कं केलं. मुलगी खरं बोलली, तर आपण ती चतुराईनं लपवतेय असं समजून खूश होतो! अशी आपली तऱ्हा.

पुढं संसार सुरू झाला आणि पगाराची खरी उंची सगळ्यांना कळली. सरकारी क्वार्टरच्या यादीत संयोगिताचं नाव होतं, पण यादी काही हलत नव्हती. मिरज स्टेशनच्या मागं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. जयराजची कुपवाडच्या कारखान्यातली नोकरी गेली. नणंद शिवांजलीची नर्सिंगची फी होतीच. त्यात यशराज झाला. ड्यूटी कधी फलाटावर, तर कधी धावत्या गाडीत, त्यामुळं त्याला लवकरच वरचं दूध सुरू करावं लागलं. पगार आला म्हणेपर्यंत भाडं, गॅस आणि दुधाची पावडर यांनी त्याचा फडशा पाडलेला असायचा.

अलीकडं मात्र महिनाअखेर जरा सोपी जात होती. जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत कमिशन मिळतं, असं जयराज सांगायचा. दारात मोटारसायकलही आली. आणि रोज दुपारी तो संयोगितासाठी गरम डबा घेऊन फलाटावर यायचा. बरोबरीच्या बायका चिडवायच्या, "नशीब काढलंस गं! आमचे नवरे पाण्याचा तांब्या भरून देत नाहीत." ती वरवर रागवायची, पण मनातून सुखावायची. दिवसभर पायांवर उभं राहणाऱ्या बाईला दुसरं काय हवं असतं?

एक दिवस नव्या साहेबांचा हुकूम आला, विनापरवाना विक्रेते गाडीत दिसता कामा नयेत. कोल्हापूरच्या पॅसेंजरमध्ये भडंग विकणारा नियाज टोपली घेऊन चढत होता. संयोगितानं त्याला खाली उतरवलं.

नियाज गोंधळला. आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, काल तर दिलंय की. पुन्हा कशाला?"

"काय दिलंस? कुणाला?"

"तुमच्या मालकांना. डबा घेऊन येत्यात ते." तिच्या चेहऱ्याकडं बघून तो घाबरला. "खरंच दिलंय, मॅडम. माझ्या बायकोनं, शकिलानं, आमच्या लहानग्या अफसानाच्या दुधाचा रतीब बंद केला, पण मॅडमचं चुकवलं न्हाई आमी. कुणालाबी इचारा."

तिनं विचारलं. चहावाल्याला विचारलं, फळवाल्याला विचारलं. सगळे खाली बघत होते. ती अनेकदा त्यांच्यासमोरून ताठ मानेनं गेली होती, आणि ते सगळे मनात तिला शिव्या घालत होते. दुपारी डबा आला, तेव्हा ती फलाटाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली.

संध्याकाळी वर्दीतच ती घरी आली. जयराज यशराजला बाटलीनं दूध पाजत होता, शालूबाई भाजी निवडत होत्या.

"नियाजकडून पैसे घेतलेत?"

जयराजनं मान वर केली नाही. मग एकदम उसळला, "घेतले! तुझ्या पगारात भागतं काय? सांग की! सगळं जग घेतंय. तुझ्या हाताला तर डाग न्हाई ना? तू घेत न्हाईस, म्हणून मी घेतलं."

"माझ्या नावावर घेतलंत!" तिचा आवाज फाटला. "गाड्यांचं कमिशन म्हणून सांगितलंत. अन् तो डबा? मला वाटायचं, माझ्यासाठी येताय. उन्हातनं, पावसातनं. आवं, मी साऱ्या ठाण्यात मिरवत होते तो डबा!"

जयराजनं हातातली बाटली पुढं केली. "हे बघ. तुझं दूध पुरत न्हाई, म्हणून आपण ह्याला वरचं पाजतोच ना? मग पगाराचं पण तसंच हाय. आई, तू तरी सांग की हिला. तूच इचारलं होतंस ना, वरचं किती म्हणून?"

शालूबाईंच्या हातातली भाजी तशीच राहिली. त्यांनी सुनेला विचारलं, "त्या नियाजचं काय म्हणालीस मगाशी? कोण हाय त्यो?"

संयोगितानं सांगितलं. अफसानाच्या रतिबाचंही सांगितलं. शालूबाई उठल्या आणि त्यांनी नातवाला बाटलीसकट आपल्या मांडीवर घेतलं.

"जयराज, तीन पोरं वाढवल्यात मी. मला वरच्या दुधाचं सांगू नगंस," त्या म्हणाल्या. "आईचं कमी पडलं तर वरचं पाजावं लागतं, खरं हाय. पण ते राबून, इकत आणून पाजायचं असतं. दुसरीच्या लेकराच्या तोंडातनं काढून न्हाई! ह्या बाटलीत त्या पोरीचं दूध हाय रं!"

जयराजनं बाटलीकडं पाहिलं आणि खिशातली मोटारसायकलची चावी काढून जमिनीवर ठेवली.

"अन् इचारलं होतं, व्हय. मीच इचारलं होतं," शालूबाई सुनेकडं वळल्या. "पोरगी खरं बोलत होती आन् मी हसले. मी पेरलं, तेच उगवलं. संयोगिता, चूक माजी हाय."

"चूक कुणाची ते नंतर बघू. उद्या मी साहेबांना सगळं सांगणार आहे," संयोगिता म्हणाली.

"नोकरी जाईल की गं!" शालूबाई घाबरल्या.

"जाऊ दे. नाव तर गेलंच आहे."

मोटारसायकल विकली गेली. जयराजनं फलाटावर सगळ्या विक्रेत्यांना गोळा केलं, ज्याचे त्याचे पैसे हातात दिले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हे मी घेतलं होतं. हिला ठाऊक नव्हतं." नियाज संयोगिताजवळ आला. "माफ करा, मॅडम. लय वाईट बोललो तुमच्या माघारी."

"ते राहू दे. परवाना काढ आधी. त्याशिवाय गाडीत चढलास तर परत उतरवीन," ती म्हणाली. नियाज हसला. ती मात्र हसू शकली नाही.

खात्याची चौकशी सुरू झाली, अजून चालू आहे. जयराज एका दवाखान्यात रात्रपाळीचा रखवालदार झाला. शिवांजली शिकता शिकता शिकवण्या घेऊ लागली. महिनाअखेर पुन्हा पूर्वीसारखीच जड जाऊ लागली. संयोगिता आता आपला डबा सकाळी स्वतः घेऊन जाई. दुपारपर्यंत तो थंडगार होई, पण ती तोच खाई.

मध्यंतरी शिवांजलीसाठी स्थळ घेऊन नात्यातले ज्योतिबा आले. "मुलगा सरकारी खात्यात हाय. पगार तसा बेताचा, पण वरचं म्हणाल तर..." असं म्हणत त्यांनी डोळा बारीक केला.

"थांबा," शालूबाई म्हणाल्या. "पगारात भागवतो का तेवढं सांगा."

ज्योतिबा हसले. "आवं वहिनी, पगारात कुणाचं भागतंय आजकाल?"

"आमचं भागत न्हाई, तरी भागवतोय. वरच्याला आमी पोरगी देत न्हाई. चहा घ्या आन् दुसरं घर बघा!"

संयोगिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ज्योतिबा गेल्यावर तिनं धुतलेला डबा जयराजच्या हातात ठेवला.

"उद्या दुपारी आणा. पण फक्त डबाच."

जयराजनं मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते.

मंडळी, पोलिसाचा पगार पुरत नाही, ही गोष्ट खरी आहे, आणि तो पुरेसा मिळावा म्हणून आपण सगळ्यांनी मोठ्यानं बोललं पाहिजे. त्याच्या डोक्यावर धड छप्पर असावं, हेही मागितलं पाहिजे. पण आपण ते विचारत नाही. लग्नाच्या बैठकीत, चहाच्या टपरीवर, हसत हसत विचारतो ते एवढंच, वरचं किती? पुढच्या वेळी हा प्रश्न ओठावर आला, तर अफसानाच्या बंद झालेल्या रतिबाची आठवण ठेवा. वरचं कधी वरून येत नाही. ते कुणाच्या तरी घरातून येतं.