बॉनेट गार होतं

यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला ना, तर माझी कवळी पेल्यातून उडी मारून पळून जाऊ दे, उरलेला जन्म मी मऊ मऊ खाऊन काढीन.

तर एक होता मास्तर. शाळेतला नव्हे, गाडी शिकवणारा. याचा सगळा जन्म शेजारच्या सीटवर गेला. पायाखाली शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक आणि तोंडात "हळू, हळू". लोकांची पोरं याच्याकडे शिकली आणि भुर्रकन उडून गेली, हा आपला तिथेच, दुसऱ्या गियरात. सवय अशी जडली होती की बायको जास्त वाढायला लागली की तोंडाने "पुरे" म्हणायच्या आधी याचा पायच खाली दाबला जायचा. जेवायच्या टेबलाखाली फरशीला खळगा पडलाय त्याने. मी हात घालून पाहिलाय.

मास्तरचा साडू गाड्या दुरुस्त करायचा. साडूसाडूंचं सहसा जमत नाही. एका घरचे दोन जावई म्हणजे सासूला रोज तराजू घेऊन बसायला लागतं. पण या दोघांचं गूळपीठ होतं. थोरलीचा नवरा म्हणून मास्तर त्याला भाऊ म्हणायचा. बाकी सगळी आळी म्हणायची कानसेन. भला लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा, आणि इंजिनाच्या पोटातलं दुखणं बाहेर काढायचा. एकदा रस्त्याने ट्रक गेला तर हा नुसता आवाज ऐकून म्हणाला, ड्रायव्हर बायकोशी भांडून निघालाय, क्लच रागाने सोडतोय. ट्रक थांबवून विचारलं. भांडून निघाला होता.

आणि मास्तरच्या मनात भरली एक गाडी. वापरलेली, लाल, चिमुकली. बाहेरून बघाल तर भाजी आणायची गाडी, पण पोटात टर्बो. मूर्ती लहान आणि अंगात वारं. एका दातांच्या डॉक्टरला ती विकायची होती. मास्तरची बायको, म्हणजे धाकटी, म्हणाली, आपण दोघं आणि एक कोबी, एवढ्यांना एवढा वेग कशाला?  पण मास्तरचा रोज संध्याकाळी घरी यायचा रस्ता डॉक्टरच्या फाटकावरूनच जायला लागला.

कानसेन तेव्हा पाय मोडून अंथरुणाला खिळलेला. प्लॅस्टर मांडीपर्यंत. मास्तर त्याच्या उशाशी जाऊन बसला, तर त्याने गाडीचं नाव ऐकताच कुंडली मांडली. हिला दोन दुखणी, म्हणाला. एक, ही तेल पिते. ते चालवून घेऊ, आपल्यातही पिणारे आहेतच. दुसरं वाईट. हिची टायमिंग चेन सैल पडते. आणि तुटली, तर इंजिनात सगळं एकमेकांवर आपटून चुरा होतो.

"सैल चेन गार इंजिनातच बोलते," कानसेन म्हणाला. "चालू केल्या केल्या जरा खडखडते. इंजिन तापलं की गप्प. म्हणून तू गेलास की आधी बॉनेटला हात लाव. गरम लागलं तर मागे फिर, एक शब्द बोलू नकोस. गार लागलं तर मला फोन कर, फोन इंजिनाजवळ धर आणि मग चालू कर. पुढचं मी बघतो."

मास्तर गेला. गाडी सावलीत उभी होती, नुकत्याच रंगवलेल्या नखासारखी. त्याने बॉनेटला हात लावला आणि मागे घेतला. इस्त्री बरी. डॉक्टर हसून म्हणाला, आत्ताच पेट्रोल भरून आणली. दातांचा डॉक्टर तो, दुखरी जागा आधी बधिर करायची हे त्याला कुणी शिकवावं?

इथे मागे फिरायचं होतं. मास्तर फिरलाही. पण डॉक्टरने किल्ली पुढे केली, बसून तर बघा म्हणाला, आणि मास्तर बसला. बसला तो निघालाच. चौकात दिवा हिरवा झाला तशी गाडी अशी सुटली, अशी सुटली, की तिची सावली मागेच राहिली. पुढच्या चौकात धापा टाकत येऊन मिळाली. गाडीच्या टपावर बसलेला कावळा तर वळणावर हवेतच बसून राहिला, खालून गाडी गेल्याचं त्याच्या लक्षातच नाही. आणि मास्तरचा पाय, तो जन्माचा ब्रेकवाला पाय, पहिल्यांदा दुसरीकडे दाबला जात होता. डोळ्यांतून पाणी येत होतं त्याच्या. वारा काचेतून येत होता म्हणून, असं तो म्हणतो.

परत आला आणि गाडीजवळ उभं राहून फोन लावला. आत्ताच पोचलो, भाऊ.

"बॉनेट?"

"गार आहे."

गाडी चालू केली. पलीकडे कानसेन श्वास रोखून ऐकत होता. बंद कर, पुन्हा लाव, म्हणाला. पुन्हा लावली. मग फोनमधून जो आवाज आला तो मास्तर अजून विसरला नाही. साडू त्याच्याहून जास्त खुश झाला होता. स्वच्छ आहे, घे बाबा, जन्मभर हळू हळू केलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या अंगणात मास्तरने किल्ली फिरवली. खडखडखडखड. डब्यात खिळे घालून हलवावेत तसं. मग गप्प.  मास्तर मनाशी म्हणाला, सकाळी उठताना माझेही गुडघे वाजतात.

पण साडूकडे जाताना तो आता सरळ जाईना. पाण्याच्या टाकीला वळसा घालून, लांबून लांबून, इंजिन चांगलं तापवून जायचा. डॉक्टरने एकदा केलं ते हा प्रत्येक भेटीला करायला लागला. कानसेन काठी टेकत बाहेर यायचा, बॉनेट थोपटायचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, ही मी अंथरुणावरून पास केलीय, नुसती फोनवर ऐकून.

मग एकदा चौघं मिळून निघाले. मागे दोघी बहिणी, पुढे दोघे साडू. चढावर गाडीच्या पोटात आवाज झाला, भांड्यांचं कपाट जिन्यावरून सोडल्यासारखा. आणि मग काहीच नाही. मागच्या दोघीसुद्धा गप्प झाल्या, यावरून समजा.

गाडी ओढून साडूच्या गॅरेजात आणली. त्याने इंजिन उघडलं. चेन ज्या पट्टीवरून सरकते, ती पट्टी हातात घेऊन तो कितीतरी वेळ फिरवत राहिला. पार झिजून गेलेली. हे आपण घ्यायच्या आधीचं आहे, म्हणाला, खूप आधीचं. म्हणजे त्या दिवशी वाजायलाच हवी होती.

मग त्याने मान वर केली. "मास्तर, बॉनेट गार होतं ना रे?"

थोरली चहा घेऊन दारात उभी होती. धाकटी बघत होती. मास्तरचा पाय जमिनीवर ब्रेक शोधत होता. सापडला नाही.

"गार होतं, भाऊ."

कानसेनने मान हलवली. "मग माझेच कान गेले," म्हणाला. बाहेर ढग आलेत म्हणावं, तशा आवाजात.

दुसरं इंजिन त्यानेच शोधून आणलं, त्यानेच बसवलं. मजुरीचं नाव काढलं तर रागावला. चूक माझी, आणि मजुरी तुझ्याकडून घेऊ? गाडी पुन्हा पळायला लागली, पण तो बसला. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की म्हणायचा, पलीकडच्या गॅरेजात दाखवा, मला हल्ली नीट ऐकू येत नाही. लोकांना वाटायचं चेष्टा करतोय. पुढे पुढे तो नुसती पंक्चरं काढायला लागला. पंक्चर पाण्यात दिसतं, ऐकावं लागत नाही. तो लांब स्क्रूड्रायव्हर रंगाचे डबे उघडायला गेला. थोरलीने एकदा मास्तरला बाजूला घेतलं.

"भावोजी, तुम्ही तरी सांगा यांना. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा."

मास्तर त्या दिवशी पाण्याच्या टाकीला किती वळसे घालत होता, कुणास ठाऊक. शेवटी गॅरेजापुढे गाडी उभी केली. साडू खुर्चीत बसला होता. मास्तरने त्याचा हात धरला, त्याला उठवलं, आणि तो हात बॉनेटवर टेकवला. "इतकं होतं, भाऊ. त्या दिवशी इतकं गरम होतं." कानसेनने हात तसाच ठेवला. चटका बसला तरी काढला नाही. आणि मग तो हसला, असा हसला, की भिंतीवरचे पाने खणखणले. चोरा, म्हणाला, लेका चोरा, आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला आत पळाला, लंगडत.

आता ऐका. सावली मागे राहिली, ते खरं. कावळाही खरा, ट्रकवालाही खरा, आणि फरशीतला खळगा कधीही दाखवते. पण हे शेवटचं हसणं आहे ना, ते मी घातलंय. मास्तर गॅरेजात गेला, बॉनेट तापवून गेला, एवढंच खरं. साडूचा हात धरायला त्याने हात पुढेही केला, आणि विचारलं, चहा झाला का?

कानसेन म्हणाला, झाला. मग गाडीकडे मान करून म्हणाला, "आवाज बरा येतोय का रे तिचा? तूच ऐकून सांग."