काठीच्या खाचा

चांगो पाथरवट. दगड टाकायच्या छिन्नीवर, टाकीवर, त्याचा हात असा बसलेला, की दहिवलीतली अर्धीअधिक जाती त्याच्याच हातची. दगड गुळगुळीत झाला, पीठ जाडं पडू लागलं, की बाया त्यालाच हाक मारायच्या. असा माणूस भिसेगावच्या माळावर बार्कर साहेबाच्या गोल्फच्या काठ्या वाहायला लागला नि तिथंच घात झाला!

एका काठीच्या लोखंडी तोंडावर आडव्या खाचा होत्या. त्यांतला चिखल काडीनं कोरायचा, तेलाचं बोट फिरवायचं, एवढंच त्याचं काम. पण शहाण्याला स्वस्थ बसवेल तर ना! खाचा झिजल्यात, चेंडू निसटतोय, असं त्याच्या मनानं घेतलं. काठी घरी नेऊन त्यानं कानशीनं खाचा चांगल्या खोल केल्या. साहेबाला विचारलं? छे! चांगल्या कामाला विचारायचं काय?

रविवारी चषकाचा सामना झाला. साहेबाचा चेंडू पडेल तिथंच बसे. साहेब जिंकला, चांगोची छाती फुगली. तेवढ्यात हरलेल्या साहेबानं ती काठी उचलून खाचांवर नख फिरवलं. इतक्या खोल खाचांना विलायतेच्या नव्या नियमानं बंदी होती. तो इंग्रजीत ‘लबाड’ म्हणाला, ते चांगोलाही कळलं.

बार्कर साहेबानं काठ्या वाहणाऱ्यांकडे वळून विचारलं, "किसने किया?"

चांगो दोन पावलं मागं सरला. चार माणसांत शोभा होईल या भीतीनं मेला खाली मान घालून उभा राहिला. साहेब थोडा थांबला. मग हरलेल्या साहेबाकडे वळून म्हणाला, "काठी माझी, चूक माझी." त्यानं चषक परत दिला. बाकीचे चहाला गेले, त्याला कुणी बोलावलं नाही.

घरी त्यानं भाकर बाजूला सारली. बायकोनं, ठमीनं, खोदून विचारलं तेव्हा त्यानं सारं ओकलं.

"अवो, लाज नाय वाटत तुमाला? तुमची घाण त्यानं अंगावर घेतली! जावा, सांगा त्याला."

सकाळी तो बंगल्याच्या पायरीशी हात जोडून उभा राहिला. "साहेब, त्या खाचा मी केल्या."

"मालूम था. हम ठहरा था, तुम बोलेगा करके."

चांगोला धरणी दुभंगावी असं झालं. "आता सांगतो साहेब! साऱ्यांना सांगतो!"

"अब?" साहेब म्हणाला. "अब सब बोलेगा, बार्करने नौकर को सिखाया."