तीन खिळे की एक दांडी

माणसाची खरी पारख बर्फात होते, असं चंद्रशेखर गंभीरपणे म्हणायचा. त्याने स्वतः बर्फ पाहिला होता तो मासळीखाली पसरलेला आणि पेल्यात तरंगणारा.

वीस वर्षं बोटींच्या इंजिनरूममध्ये आणि पुढची बारा सिंगापूरच्या ऑफिसात काढलेल्या या गृहस्थाने नॉर्वेच्या एका जुन्या कॅप्टनला कधीतरी, दोन पेगनंतर, "आम्ही सह्याद्रीतली माणसं, स्कीइंग म्हणजे किस झाड की पत्ती," असं सांगून ठेवलं होतं. २००६ साली ऑफिसच्या कामासाठी तिकडे जायचं ठरलं आणि कॅप्टनची मेल आली : 'तुझ्यासाठी एक स्कीची जोडी काढून ठेवलीय. रानातून जाऊ. बाइंडिंग जुनं लावू की नवं?'

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला जखडणारी कडी. सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये बसून चंद्रशेखरने तीन आठवडे इंटरनेट पिंजून काढलं. जुन्यात बुटाच्या चोचीखाली तीन खिळे. बिघडलं तरी भर रानात दुरुस्त करता येतं. नव्यात बुटाच्या तळाची दांडी खटकन बसते, वळणं सोपी जातात, पण खाचेत बर्फ भरतो. त्याला मात्र एवढंच जाणून घ्यायचं होतं, की पडल्यावर पाय कशातून सुटतो?

"कशातूनच सुटत नाही," तो शेवटी म्हणाला. स्वतःच्याच शोकसभेत बोलावं तसा.

"मग सरळ सांगा ना, येत नाही म्हणून," त्याची बायको शुभदा भाजी निवडत म्हणाली.

"अगं, सह्याद्रीचं नाव घेतलंय मी!"

"सह्याद्रीला काही होत नाही. गुडघा तुमचा आहे."

"बाबा, तुम्ही एमआरटी स्टेशनात मेट्रोच्या एस्केलेटरवरसुद्धा कठडा सोडत नाही," लेक ईशा म्हणाली. "कॅनॉट लाह! जमणारच नाही तुम्हाला!"

चंद्रशेखरने मन घट्ट करून 'जुनं' असं कळवलं. मोडलं तर आपल्याला दुरुस्त करता येईल, हा त्यातला इंजिनियरी विचार. त्यात गुडघा धरलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ते वाचून तो खुर्चीत असा सैल पडला की शुभदा पाणी घेऊन धावली.

"काय झालं हो?"

"वाचलो!"

तिने स्क्रीनकडे पाहिलं. 'उत्तम. डिसेंबरपर्यंत लावून ठेवतो, कधी हिवाळ्यात आलास तर असावं. या खेपेला माझ्या होडीला रंग काढू.'

"तिकीट कधीचं आहे तुमचं?"

"अकरा जुलै."

बारा वर्षं एकाच उकाड्यात काढल्यावर ऋतू नावाची भानगड तिघांच्याही ध्यानातून गेली होती. चंद्रशेखरने स्कीइंग हुकल्याबद्दल कॅप्टनकडे अतोनात हळहळ व्यक्त केली आणि वरणभात दोनदा मागून घेतला.

जुलैत तिथे बर्फ नसतो.