ठरली की झाली

शिंप्याने बाही उलटी जोडली. उसवली, पुन्हा जोडली, तर पुन्हा उलटीच. ज्याने शिवलेल्या कोटात शिरायला वारासुद्धा परवानगी मागायचा, त्याच्या हातून हे! त्याने कोट मशीनवर तसाच टाकला, एक चप्पल पायात घातली आणि दुसरी सापडेना म्हणून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती आधीपासून पायातच होती. मग तो रस्ता ओलांडून मेहुणीच्या लाँड्रीच्या दारात आला.

पाथरवट सकाळीच निरोप ठेवून गेला होता. शिंप्याच्या बायकोच्या थडग्याचा दगड तयार होता. नाव कोरून झालं होतं, खालच्या ओळीतलं एक क्रियापद तेवढं अडलं होतं. 'देवापुढे नीतिमान ठरली' की 'देवापुढे नीतिमान झाली'? काय ते आजच सांगा, नाहीतर माझी छिन्नी दुसऱ्या मेलेल्याकडे जाईल, असं तो बजावून गेला होता.

वाद आजचा नव्हता. शिंपी प्रोटेस्टंट, मेहुणी कॅथलिक, आणि बायको दोघांच्या मधोमध: रविवारी सकाळी नवऱ्याच्या चर्चमध्ये, संध्याकाळी माहेरच्या. शिंपी म्हणे, माणूस आपल्या कामांनी कधीच नीतिमान होत नाही. निव्वळ विश्वासावर देव त्याला तसा ठरवतो. आपल्या मळक्या सदऱ्यावर देव स्वतःचा पांढराशुभ्र कोट चढवतो, विषय संपला. मेहुणी म्हणे, कोट कसला चढवताय, आतला सदरा धुवा आधी! साबण देवाचा, पाणीही देवाचं, पण घासायला हात आपलेच लागतात. दोघांची जुंपली की समोरच्या झाडावरचे कावळे दोन फांद्यांवर वाटून बसत. एकदा ऐन वादात एक कावळा फांदी बदलून गेला, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून हयात आहेत.

मेहुणी चादरीवर इस्त्री फिरवत होती.

"या भावोजी. सांगितलंत पाथरवटाला?"

"काय सांगणार? मी 'ठरली' म्हणणार, तू 'झाली' म्हणून बसणार."

"घाला 'ठरली'."

शिंपी उंबऱ्यावरच अडखळला.

"काय म्हणालीस?"

"बायको तुमची, दगड तुमचा. 'ठरली' घाला. मी काही बोलणार नाही."

ज्या शब्दापायी जन्मभर घसा कोरडा केला, तो असा आयता हातात पडला आणि तव्यावरून उचलल्यासारखा भाजला. शिंपी काउंटरच्या या टोकापासून त्या टोकाला गेला. कपड्यांच्या एका गठ्ठ्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.

"अशी कशी गप्प बसतेस गं? पलीकडच्या आंधळ्या मास्तरांना रोज वाचून कोण दाखवायचं?"

"ताईच."

"माझ्या आईनं तिला कधी गोड शब्द दिला नाही. त्या आईचं अंथरुणातलं सगळं कुणी केलं?"

"ताईनंच. पण अहो, ही तर माझी वाक्यं! तुमची कुठं गेली? कामं म्हणजे विश्वासाची फळं, मूळ नव्हे, असं तुम्हीच ना..."

"माझं राहू दे! तू बोल ना. भांड की!"

मेहुणीने इस्त्री उभी करून ठेवली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"भावोजी, तुम्हाला आज हरायचंय का?"

शिंप्याने गळ्यातली टेप बोटाभोवती गुंडाळायला घेतली. बोटाचं टोक पांढरं पडलं तरी तो गुंडाळतच होता.

"शेवटी शेवटी ती म्हणाली..." एरवी रस्त्याच्या टोकापर्यंत जाणारा त्याचा आवाज आता दोऱ्याएवढा झाला होता. "प्रार्थना म्हणजे बंद घराची घंटा वाजवल्यासारखं झालंय, म्हणाली. आत कुणी नाही, म्हणाली." तो थांबला. "विश्वासावर ठरतं, विश्वासावर ठरतं, असं मी जन्मभर ओरडत आलो. आणि तिच्यापाशी नेमका तोच उरला नसेल, तर मग ती..."

पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच उसवलं.

मेहुणी बराच वेळ चादरीवरची एकच सुरकुती हाताने सपाट करत राहिली.

"मग तेव्हापासून प्रार्थना सोडली तिनं?"

"छे! रोज करायची. हात उचलवेनात, तर मला जोडून धरायला लावायची. अगदी शेवटच्या संध्याकाळीसुद्धा."

"का म्हणून विचारलं नाहीत?"

"विचारलं ना. म्हणाली, 'सवय.' आणि हसली माझ्याकडे बघून."

"आत कुणीच नाही अशी खात्री असलेल्या घराची घंटा, भावोजी, कुणी रोज जाऊन वाजवतं का? तीही दुसऱ्याचे हात मागून घेऊन?"

 शिंप्याच्या बोटावरची टेप सैल झाली. पण जन्माची खोड, ती जाते कुठे?

"म्हणजे हे काम झालं की विश्वास?"

"मला काय विचारता? तुम्ही तुमच्या पाळकसाहेबांना विचारा, मी आमच्या फादरना विचारते. दोघांचं एकच उत्तर आलं, तर तुमचे सगळे कोट जन्मभर फुकट धुऊन देईन." इस्त्रीची वाफ फार होते म्हणत तिने पदराने डोळे पुसले. इस्त्री केव्हाची गार झाली होती. "धरा ते चादरीचं टोक."

शिंप्याने धरलं, ते चुकीचं. तिने सरळ धरा म्हणून सांगितलं. मी धरलंय तेच सरळ आहे, तूच उलटी उभी आहेस, असं त्याने सुनावलं; आणि तिथून दोघांची अशी काही जुंपली की गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं.

पाथरवट आला तेव्हा तो केसांपासून पावलांपर्यंत दगडाच्या भुकटीने पांढरा झाला होता. चादरीची दोन टोकं ताणून उभ्या असलेल्या त्या दोघांकडे त्याने आळीपाळीने पाहिलं.

"मग काय झालं शेवटी? ठरली की झाली?"

"चालू आहे," हातातलं टोक न सोडता शिंपी म्हणाला. "अजून चालू आहे."