चौऱ्याहत्तरावं नाव

मी चर्चच्या मंडळीच्या सभासदांची नोंदवही बोलतेय, आणि रागात बोलतेय, हे आधीच सांगून ठेवते. गोडगोड बोलणं गीतांच्या पुस्तकांनी करावं. त्यांना लोक छातीशी धरतात, मला कपाटात कोंबतात. जळफळाट होणारच ना!

छापखान्यातून आले तेव्हा मी कोरी करकरीत होते. कापडी पाठ, दोनशे पानं, पानावर चार रकाने: क्रमांक, नाव, सभासद झाल्याची तारीख आणि शेरा. आमचे सचिव पोस्टातून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना पोस्टमास्तरच म्हणतात. त्यांनी जुन्या वहीतली नावं माझ्यात उतरवली आणि जुनीला माळ्यावर टाकलं. मला तिचं तिळमात्र वाईट वाटलं नाही. नावं माझी झाली होती, बस्स.

उपासनेला कोणीही यावं, मागच्या बाकावर बसावं, गाणी म्हणावीत. पण मंडळीची सभा सुरू झाली की पाहुण्यांनी बाहेर जायचं. आत बसायचं, बोलायचं, मत द्यायचं, तर माझ्या पानावर नाव लागतं. या गोष्टीचा मला भारी तोरा होता.

चौऱ्याहत्तरावं नाव पेटीवालीचं. ही आमच्या सुताराची एकुलती एक लेक. आठवडाभर दवाखान्यात नर्स, रविवारी उपासनेत पेटी वाजवणार. सभासद झाली त्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने नाव लिहिलं, आणि शाई वाळेना म्हणून पानावर हळूच फुंकर घातली. इतरांनी नुसता टीपकागद दाबला होता. त्या एका फुंकरीवर मी तिची झाले.

तिला सभेत बोलायची हौस. हात वर करायची, पण पाळक नेमके घड्याळाकडे बघायचे. दोनदा ती कमिटीच्या निवडणुकीला उभी राहिली. लोक म्हणाले, "अगं, तू कमिटीत गेलीस तर पेटी कोण वाजवणार?" जशी काही कमिटी गाणी चालू असताना भरते! चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान झालं आणि दोन्ही वेळा ती पडली. खरं सांगू? मला बरंच वाटलं होतं. पेटीपाशी बसली म्हणजे इथेच राहील, असा माझा हिशेब.

मग तिची बदली नदीपलीकडच्या दवाखान्यात झाली. तिने तिकडेच खोली घेतली आणि तिकडच्या मंडळीत जायला लागली. एका रविवारी येऊन तिने पोस्टमास्तरांच्या हातात अर्ज ठेवला.

"मला सभासदत्वाच्या बदलीचं पत्र हवंय. तिकडचे लोक म्हणतात, कमिटीला उभ्या राहा. पण त्याआधी इथलं पत्र नेऊन तिथली सभासद व्हायला हवं. महिनाअखेरीला त्यांची निवडणूक आहे."

पोस्टमास्तरांनी तो अर्ज माझ्याच पानांत ठेवला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे तिकडेही एक वही असणार! कुठली कोण ती सटवी, तिच्यात माझी पेटीवाली नाव लिहिणार? तिच्यावरही फुंकर घालणार? अशी सवत कुणाच्या वाट्याला येऊ नये.

पण आमच्याकडे नियम असा, की पत्राचा ठराव सभेत व्हावा लागतो आणि सभेला एकतृतीयांश सभासद लागतात. माझ्यात नावं एकशे वीस, म्हणजे माणसं चाळीस हवीत. त्या एकशे विसातली कितीतरी केव्हाच मातीआड गेलीत, कितीतरी परदेशी. त्यांची नावं खोडायची तरी ठराव लागतो, आणि ठरावाला पुन्हा चाळीस माणसं! पहिल्या सभेला छत्तीस आले. दुसऱ्या सभेला, ती स्वतः धरून, एकोणचाळीस. मी मनातल्या मनात नाचले.

चाळिसावा माणूस बाहेरच होता. सुतार. दाराबाहेरच्या पायरीवर बसून पेन्सिलीला टोक काढत होता. बोलवायला गेलेल्याला म्हणाला, "मी सभेला आलोच नाहीये. मी पायरीवर बसलोय."

वा रे पठ्ठ्या, म्हटलं. आम्हा दोघांचं दुखणं एकच होतं.

तिसरी सभा त्यांच्या निवडणुकीआधीच्या शेवटच्या रविवारी. पुन्हा एकोणचाळीस, आणि सुतार पुन्हा पायरीवर. या वेळी पेटीवाली उठली, हजेरीच्या सह्या माझ्याच मागच्या पानांवर होतात म्हणून मला काखेत मारलं आणि बाहेर गेली.

"बाबा, सही करा आणि आत चला."

"मी आत आलो की तू चाललीस."

"मी गेलेच आहे बाबा. फक्त पत्राशिवाय गेलेय."

"मग कशाला हवं पत्र? तिकडे पेटी वाजवायला कोणी नको म्हणतंय का?"

"पेटी वाजवू देतात. पण सभा सुरू झाली की मला बाहेर काढतात. मी पण अशीच पायरीवर बसते. तुम्हाला चालेल का ते?"

सुताराने पेन्सिल कानावर खोचली. मग हात पुढे केला, "आण ती वही इकडे."

मी पान मिटून घेऊ बघत होते, पण वाऱ्याने काही साथ दिली नाही. सही झाली. आत ठराव आला, चाळीस हात वर गेले. "विरोधात कोणी?" पाळकांनी विचारलं. मला हात असता तर मी दोन्ही वर केले असते.

पोस्टमास्तरांनी पट्टी ठेवून तिच्या नावावर लाल रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं, 'बदलून गेल्या.' काय झोंबलं म्हणून सांगू!

महिन्याभराने तिकडून पोचपावती आली. सवतीच्या घरचा कागद, आणि तो म्हणे माझ्याच पानावर चिकटवायचा! 'आपल्या पत्रानुसार या बहिणीला आमच्या मंडळीत सभासद करून घेतलं आहे.' खाली सही, सचिवांची.

पोस्टमास्तरांनी चष्मा वर केला. "अहो सुतार, इकडे या. अक्षर बघा."

सुतार वाकला. "हे तर हिचंच अक्षर!"

"मग काय तर. कमिटीत घेतलं आणि लगेच सचिवही केलं. स्वतःच्या प्रवेशाची पावती स्वतःच लिहिलीय पोरीने."

दोघं हसले. मग पोस्टमास्तर खालच्या आवाजात म्हणाले, "आपण तिला दोनदा पाडलं हो. मीसुद्धा मत दिलं नव्हतं."

सुतार कागदावरून बोट फिरवत राहिला.

"मी पण नाही," तो म्हणाला.

त्या पोचपावतीला आता मी घट्ट धरून बसलेय. सवतीचा राग गेलाय असं समजू नका. ती रोज त्या हातात असते, मी कपाटात. पण एवढं अक्षर तरी माझ्याकडे आहे. त्याचा एक कोपरा सुटायला लागलाय. कोणी कपाट उघडलंत, तर तेवढा डिंक लावा.