पलीकडच्या संस्थानची मास्तरीण

लढाईच्या त्या वर्षांत गावोगाव एकच रडगाणं होतं: पोरींच्या शाळेला मास्तरीण मिळत नाही. त्यामुळे कृष्णाकाठच्या त्या इंग्रजी हद्दीतल्या उसाच्या गावाला जिल्ह्याच्या शाळा बोर्डानं हरणाबाई धाडली, तेव्हा शाळा कमिटीचे अध्यक्ष आप्पासो यांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्या कपाळाला आठ्याच पडल्या.

हरणाबाई आटपाडीकडच्या धनगराची पोर. सातवी पास होऊन मास्तरकीचं शिक्षण तिनं पलीकडच्या संस्थानात घेतलेलं. बोर्डानं तिला तात्पुरतं नेमलं होतं. कमिटीनं शिफारस केली तरच ती कायम होणार होती.

"संस्थानचं शिक्षाण हिकडं चालत न्हाई," आप्पासो चारचौघांत म्हणायचे. खरं कारण वेगळंच होतं. मेंढरामागच्या पोरीला 'बाई' म्हणून हात जोडायचे, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्यांनी तिला गावात घर मिळू दिलं नाही. ती देवळाच्या ओवरीत राहिली. शाळेला फळा मागितला, तर म्हणाले, "भित हाय की!"

तरी पोरी शिकत होत्या. आप्पासोंची नात सुली घरात मोठ्यानं कविता म्हणायची. तिनं केलेली बाईंची नक्कल बघून सगळं घर हसायचं.

शिफारशीची वेळ आली, तेव्हा आप्पासोंनी हरणाबाईला चावडीपुढं बोलावलं. गाव जमलं. तिच्या पोरींनाही मुद्दाम पुढं बसवलं.

"परीक्षा घेतो," आप्पासो म्हणाले. "किती मेंढरांवर एक कुत्रं लागतं, सांगा बाई!"

लोक खदाखदा हसले. हरणाबाई खाली मान घालून म्हणाली, "आप्पासो, व्याकरण विचारा, गणित विचारा. मला सगळं ठाऊक हाय..."

"हाय!" आप्पासोंनी मांडीवर थाप मारली. "ऐकलं का मास्तरणीचं शुद्ध मराठी?" जणू गावात दुसरं कुणी 'हाय' म्हणतच नव्हतं! मागून कुणीतरी मेंढीसारखं 'बँ' केलं. मग पोरींनीही केलं. सुलीनंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ओवरी रिकामी होती.

आप्पासोंनी खटपट करून इंग्रज सरकारच्या हद्दीत शिकलेला सयाजी मास्तर आणला. त्यालाही फळा नव्हता, मदतनीस नव्हता. साऱ्या इयत्ता एका खोलीत. वर आप्पासो त्याला गुऱ्हाळाच्या कामाला जुंपायचे. त्याचा सगळा राग छडीवाटे निघायचा. एका दुपारी त्यानं सुलीच्या कानशिलात अशी दिली, की कानातून रक्त आलं. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून मान हलवली. दुसरा कान आधीच अधू होता. आता सुलीला ऐकू येणं कठीण.

आप्पासो काठी घेऊन शाळेकडं निघाले. त्यांची थोरली बहीण साळूबाई दारात आडवी झाली.

"कुणाला मारतोस? त्याला आणला कुणी?"

"अक्का, सरकारी सर्टिफिकिटाचा मास्तर हुता गं त्यो!"

"बैल घिताना दात बगतोस, का बाजाराचं नाव? तुझा ल्योक कृष्णात फौजेत मोटार चालवायला शिकला. उद्या कुणी म्हणालं, फौजेचं शिक्षाण हितं चालत न्हाई, तर गप बसशील? त्या पोरीचं शिक्षाण तू एकदा तरी नीट बगितलंस व्हय? आन् ह्या मास्तराला तरी माणसासारखं वागवलंस? मास्तराला छळलं, की त्यो छळ पोरांच्या अंगावर उतरतो, आप्पा!"

आप्पासोंच्या हातातली काठी गळून पडली. अरेरे! आपल्याच हातानं आपण काय करून बसलो!

ते गाडी जुंपून आटपाडीकडं गेले. माळावर हरणाबाई मेंढरं हाकत होती. आप्पासोंनी पागोटं काढून तिच्यापुढं ठेवलं. "बाई, चुकलो. चला."

तिनं एक चुकार मेंढरू कळपात वळवलं. "पागोटं उचला, आप्पासो. राग गेला माझा. पण इथल्या पोरांना शिकवायला उभी राहिले, तर तोंडच उघडेना. पाठीमागं ते 'बँ' ऐकू येतं. जे तुम्ही नेलंत, ते तुम्हाला परत देता यायचं नाही."

आप्पासो रिकामी गाडी घेऊन परतले. पुढं बोर्डाच्या सभेत त्यांनी आपली करणी सगळ्यांसमोर सांगितली आणि संस्थानात शिकलेल्यांची नीट पारख करून त्यांना कायम करावं, म्हणून भांडले. दोन वर्षांनी ते मान्य झालं. सयाजी मास्तराच्या जागी चंद्राबाई नावाची, तशीच पलीकडं शिकलेली बाई गावात आली. आप्पासोंनी तिला राहायला आपल्या घराचा पुढचा सोपा दिला, शाळेला फळा दिला. सुली पहिल्या रांगेत बसते आणि बाईंच्या ओठांकडं टक लावून बघते. कविता मात्र ती आता म्हणत नाही.

बंधूंनो, भगिनींनो, विद्येला हद्द नसते. हद्द आपल्या मनात असते. शिक्षकाची पारख त्याच्या शिकवण्यावरून करा आणि पारखलेल्याला मान द्या, आधार द्या. आप्पासोंना शहाणपण आलं, पण त्याची किंमत एका मास्तरणीनं आणि एका लहान पोरीनं मोजली. आपल्या गावात ती कुणाला मोजायला लावू नका!